रद्द फिल्मांची वही

पोटाला सोडून, छातीला धरून.
श्वासाचं व्याकरण एवढंच, हिरेमठ सर म्हणाले
पहिल्या दिवशी, चहाचा कप कन्सोलपासून लांब ठेवत.
बाकीचं पुस्तकात आहे.

पुस्तक इंग्रजीत आहे.
सर कानडीत समजावतात, मी मराठीत उतरवून घेते
आणि वडगावच्या खोलीत रात्री
शेजारच्या मागांच्या खटखटीत पाठ करते:
हाडं दोनशे सहा, त्यातली सत्तावीस एका हातात,
आठ तर नुसत्या मनगटात,
मुठीत आवळलेल्या शेंगदाण्यांसारखी.

आईच्या मनगटात ती कशी बसली असतील आता?
स्कॅफॉइडच्या फोटोला हात करंगळीकडे झुकवायचा असतो.
तिचा आपसूकच झुकतो.
दिवसाला हजार वळल्यावर
झुकेल नाही तर काय.

बाहेर पाट्यांवरच्या अक्षरांना डांबर फासतात,
एखाद्या दिवशी त्यावरून बस निघत नाही.
आमच्या खोलीत अक्षरं दोनच, शिशाची,
एक उजव्याचं, एक डाव्याचं.
अदलाबदल झाली तर भलतंच मूत्रपिंड
सर्जनच्या टेबलावर यायचं.
त्यांच्यासाठी अजून कुणी मोर्चा काढलेला नाही.

मंगळवारी चिठ्ठी आली:
दुंडाप्पा चौगुले, एकाहत्तर, मुतखड्याचा संशय.
मी नावाच्या पहिल्या अर्ध्यावर विसंबले,
घोकून ठेवलेलं कानडी बाहेर काढलं:
उसिरु बिडी, हंगऽ इर्री.
श्वास सोडा, तसेच रहा.
बटण दाबलं
आणि नेमकं तेव्हाच आजोबा टेबलावरून म्हणाले,
"सोडली की गं पोरी!
शिमग्यालाच सोडली बिडी. तुला कुणी सांगितलं?"

पडद्यावर बरगड्यांना पाणी सुटलेलं.
मी हसले. सर हसले नाहीत.
"बोरगावे, त्या माणसाला तू आज
फुकटचे किरण पाजलेस."

रद्द फिल्मांची एक वही असते.
तारीख, नाव, भाग, कारण.
कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत
एकच ओळ, वेगवेगळ्या अक्षरांत: रुग्ण हलला.
रुग्ण हलला. रुग्ण हलला.
मी पेन धरून उभी.
माझा रुग्ण हलला नव्हता,
त्यानं विचारलेल्याचं उत्तर दिलं होतं.
लिहिलं: विद्यार्थिनीची चूक.
मग 'विद्यार्थिनी' खोडून वर बारीक अक्षरात
'तंत्रज्ञ' लिहिलं.

पुन्हा आत गेले. एप्रनच्या ओझ्यानं खांदे उतरलेले.
"आजोबा, घरात काय बोलता?"
"बायकोशी कानडी. वखारीत मराठी.
म्हशीशी दोन्ही, तरी ऐकत न्हाई."
या वेळी मराठीत सांगितलं. सोडा. थांबा. थांबा.
ते इतके थांबले
की फोटो निघाल्यावरही श्वास घेईनात,
मला पळत जाऊन सांगावं लागलं.
खडा दिसला. डावीकडे, ज्वारीच्या दाण्याएवढा,
अगदी स्पष्ट.
वाईट बातमी इतकी सुबक आलेली पाहून
मला आनंद झाला, आणि मग लाजही वाटली.

दर तीन महिन्यांनी छातीवरचा बॅज
कुठल्याशा प्रयोगशाळेत जातो,
मला किती लागलं ते मोजून आकडा येतो.
आजवर सगळी शून्यं.

शनिवारी निपाणीची बस. हत्तरगीचा टोलनाका, संकेश्वर,
मग खिडकीतून आत येणारा तो वास
आणि माझी ठरलेली शिंक.
आई उंबऱ्याशी, मांडीवर सूप.
गाठ मारताना ती श्वास धरते.
एकोणीस वर्षं समोर बसून
हे मला दिसलं नव्हतं.
पान, चिमूट, वळण, दोरा, आणि छाती थांबलेली.
मी ओठांतल्या ओठांत म्हणते, बिडी.

"काय गं?"
"काही नाही. मोजत होते."
"मग मोज की नीट," ती सूप पुढे सरकवते,
"चारशे तरी झाल्या असतील."